मशीद बंदरहून आफ्रिकेला ग्रुपेजने माल: सेवा कुठपर्यंत चांगली, कुठे गळते

पाच-दहा खोकी कपडे आफ्रिकेत पाठवायचे असतील तर मुंबईत आजही सोपा रस्ता मशीद बंदर आणि मोहम्मद अली रोडच्या गल्ल्यांतूनच जातो. तिथल्या छोट्या कार्गो ऑफिसांत अनेक पार्ट्यांचा माल गोळा करून एक कंटेनर भरतात. याला ग्रुपेज म्हणतात. आफ्रिकेतून खरेदीला आलेले तरुण व्यापारी, भिवंडी-उल्हासनगरचे कारखानदार आणि आता निर्यातीत उतरू पाहणारी आपली मराठी मुलं, सगळ्यांना हीच सेवा परवडते. मत आधीच सांगून टाकतो. न्हावा शेव्यापर्यंतचं काम चोख. केनियातल्या मोम्बासा किंवा टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरापर्यंतचं बरं. बंदर सोडून आत, दुसऱ्या देशात माल पोहोचवण्याचं काम मात्र नुसत्या तोंडी शब्दावर सोपवू नये.

आधी जे चांगलं आहे ते. गाठ बांधणारे कारागीर या सेवेचा खरा कणा आहेत. सुती माल प्रेसमध्ये दाबायचा, प्लास्टिकचा थर, वर गोणपाट, मग पट्ट्या आणि शेवटी टोकं सुतळीने शिवायची. त्यावर ब्रशने पार्टीचा मार्का, गाठीचा नंबर आणि उतरायचं बंदर. मार्का दोन बाजूंना हवा, कारण गोदामात गाठी एकीवर एक रचल्या की एकच बाजू दिसते. पूर्व आफ्रिकेसाठी कांगा, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड, पाठवत असाल तर एक लक्षात घ्या. कांगा जोडीने विकला जातो, दोन्ही तुकडे न कापता एकत्र असतात, आणि किनारीच्या आत स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. बायका ती ओळ वाचून कांगा निवडतात. म्हणून ओळ वर दिसेल अशी घडी घालायला सांगा आणि एका गाठीत एकाच ओळीचे नग भरू नका. जरीकाम, टिकल्या किंवा पॅडचे कपडे दाबायला देऊ नका, ते खोक्यातच जाऊ द्या.

भाड्याचा हिशोब बहुतेकांना नीट समजावून सांगितला जात नाही. 60 × 45 × 45 सेंटीमीटरचं एक खोकं म्हणजे 0.1215 घनमीटर. अशी दहा खोकी 1.215 घनमीटर झाली. प्रत्येकात 25 किलो माल धरला तरी वजन 250 किलोच. समुद्रमार्गे 1 घनमीटर आणि 1 टन यांत जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं, म्हणजे इथे जागेवर. तोच माल दाबून 1 घनमीटरवर आणला तर सरळ बचत. त्याखाली नेऊन फायदा नाही, कारण बहुतेक ठिकाणी किमान भाडं 1 घनमीटरचंच लावतात. विमानाचं गणित वेगळं. तिथे लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला 6000 ने भागतात. याच खोक्याचे 20.25 किलो येतात, खरं वजन 25, म्हणून भाडं 25 वर. तिथे माल दाबून काही हाती लागत नाही. मोजमाप आपल्यासमोर, टेप लावून, फुगवट्यासकट घ्यायला लावा. गोदामात पुन्हा मोजणी होते आणि फरक तुमच्याच खात्यात पडतो.

पावसाळ्यात एक काळजी जास्त घ्यावी लागते. मोठ्या गाड्यांना दिवसा दक्षिण मुंबईत मज्जाव असतो, त्यामुळे माल हातगाडीने फिरतो आणि गाठ ओली झाली तर बंद कंटेनरच्या उष्णतेत आत बुरशी धरते. जून ते सप्टेंबर आतल्या प्लास्टिकला टेप लावून बंद करायला सांगा. लाकडी पेटी किंवा पॅलेट असेल तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का पाहा: लाकडाचा गाभा 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलेला हवा. शिक्का नसेल तर पलीकडच्या बंदरात माल अडतो.

आता कागदपत्रं. आयात-निर्यात कोड स्वतःचा काढा. अर्ज ऑनलाइन होतो, फी 500 रुपये. अनेक ऑफिसं सांगतात, कशाला त्रास, आमच्या कोडवर पाठवतो. लगेच होकार देऊ नका. शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदावर, दुसऱ्याचं नाव लागलं की परदेशातून आलेले पैसे कुणाचे आणि जीएसटीचा परतावा कुणाला, हा घोळ नंतर निस्तरता येत नाही. केनियाला जाणाऱ्या मालासाठी जहाजावर चढण्याआधी तपासणी करून अनुरूपतेचं, म्हणजे माल तिथल्या मानकांत बसतो असं, प्रमाणपत्र लागतं, नायजेरियासाठी सोनकॅप नावाचं तसंच प्रमाणपत्र. बहुतेक नियमित मालाला ते लागू आहे, पण कोणत्या मालाला कोणतं, हे गाठ बांधण्याआधीच विचारा. वापरलेले कपडे नायजेरियात आयातबंदीच्या यादीत आहेत, केनियात मात्र त्यांचे बाजार भरतात. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आहे, रवांडात त्याही आधीपासून. दुकानाच्या नावाच्या पिशव्या फुकट म्हणून खोक्यात कोंबू नका.

ग्रुपेजची मोठी जोखीम शेजाऱ्याच्या मालात असते. एका कंटेनरात अनेक पार्ट्या असतात आणि पुष्कळदा पलीकडे तो एकाच नावावर सोडवला जातो. एकाने खोटं लिहिलं तर सगळ्यांच्या गाठी थांबतात, आणि बंदराचं भाडं दिवसागणिक चढत जातं. यात गोळ्यांचा प्रश्न गंभीर आहे. पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी बेकार पोरांच्या हाती गेलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा मोठा भाग भारतातून गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्र गोळ्यांचं उत्पादन आणि निर्यात थांबवली, ते अगदी योग्य झालं. जे ऑफिस खोकं उघडून न पाहता माल घेतं, ते सोयीचं वाटतं, पण तिथे माल देऊ नये. समोर खोकं उघडून, यादीशी ताडून, मग टेप लावणारं ऑफिस अर्धा तास जास्त घेतं. तेच निवडा.

खरी गळती पुढे आहे. काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “आता आफ्रिका एक झाली आहे, एका बंदरात उतरवा, कुठेही जाईल.” हे चुकीचं आहे. आफ्रिकी खंडाच्या मुक्त व्यापार करारावर 55 पैकी 54 देशांनी सह्या केल्या, फक्त इरिट्रिया बाहेर आहे, आणि 1 जानेवारी 2021 पासून त्याखाली व्यापार सुरू झाल्याचं जाहीर झालं. पण त्यातली जकातीची सवलत आफ्रिकेत तयार झालेल्या मालाला आहे. उल्हासनगरचा शर्ट मोम्बासात उतरल्याने आफ्रिकी होत नाही. पूर्व आफ्रिकी समुदायाने 2022 मध्ये संरक्षण द्यायच्या मालावर 35 टक्क्यांचा वरचा जकातदर आणला, त्यात तयार कपडेही येतात. त्यांच्या कारखान्यांत तिथल्या मुलांना काम मिळावं हा त्यामागचा विचार आहे, आणि तो समजून घेऊनच धंदा करायला हवा. तयार कपड्यांऐवजी कापड, बटणं, चेन, शिलाईचा दोरा पाठवणाऱ्याला तिथे जास्त भविष्य आहे असं आम्हाला वाटतं.

पश्चिमेकडे चित्र आणखी बदललं. मुक्त संचाराचा करार तिथे 1979 पासून आहे, बिनव्हिसा 90 दिवस राहता येतं. पण माली, बुर्किना फासो आणि नायजर 29 जानेवारी 2025 ला इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटातून औपचारिकपणे बाहेर पडले. तिन्ही देशांना समुद्र नाही, माल शेजाऱ्यांच्या बंदरांतूनच जातो. “लोमेला उतरवू, बामाकोला पोहोचवू” (टोगोच्या बंदरातून मालीच्या राजधानीला) असं कुणी म्हणालं तर ट्रान्झिटचे, म्हणजे मधल्या देशातून माल नेण्याचे, कागद कोण करणार आणि हमी कोण भरणार, हे लेखी घ्या. पूर्व काँगोत जानेवारी 2025 मध्ये गोमा शहर बंडखोरांच्या हाती गेलं, त्या बाजूचं बुकिंग ग्रुपेजने करूच नये. सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 पासून लष्कर आणि निमलष्करी दल लढत आहेत. पोर्ट सुदान आणि खार्टूम यांना एकाच दरपत्रकात शेजारी छापणाऱ्याला युद्धाचा अधिभार आणि विमा कुणाच्या माथी, हे विचारा. शिवाय पोर्ट सुदान तांबड्या समुद्रात आहे. मोम्बासा, दार-एस-सलामला जाणारं जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या धोक्याच्या सामुद्रधुनीतून जात नाही, म्हणून त्यांचं वेळापत्रक त्या मानाने पाळलं जातं.

या सगळ्याचा मार बसतो तो लहान, तरुण व्यापाऱ्याला. आफ्रिकेत दर वर्षी 1 कोटीहून जास्त तरुण कामाच्या शोधात बाजारात उतरतात आणि रीतसर नोकऱ्या सुमारे 30 लाख निर्माण होतात, असा आफ्रिकी विकास बँकेचा अंदाज आहे. उरलेल्यांपैकी कितीतरी जण छोटा व्यापार करतात. माल सीमेवर अडला तर मागे धावायलाही त्यांना व्हिसा लागतो. खंडभर मुक्त संचाराचा मसुदा 2018 मध्ये मंजूर झाला, पण तो लागू व्हायला 15 देशांची मान्यता हवी, ती जमलेली नाही. रवांडा, बेनिन, गांबिया, सेशेल्स यांनी सगळ्या आफ्रिकनांना बिनव्हिसा दार उघडलं आहे. मोठ्या कंपनीला महिनाभराचं बंदरभाडं सोसतं, दोन गाठींच्या व्यापाऱ्याचं भांडवल त्यातच बुडतं. म्हणूनच “पोहोचेल हो, काळजी नको” असं म्हणणाऱ्या ऑफिसांचा राग येतो. समोरचा माणूस घरच्यांची जमवाजमव घेऊन आलेला असू शकतो, त्याला खरं सांगायला हवं.

ही सेवा कुणी घ्यावी? मोम्बासा, दार-एस-सलाम, घानातलं तेमा, नायजेरियातलं लागोस या बंदरांवर ज्यांचा स्वतःचा क्लिअरिंग एजंट (कस्टम्समधून माल सोडवणारा) आहे त्यांनी जरूर घ्यावी. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, माल घेणाऱ्याचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर तपासा, एका अक्षराची दुरुस्तीसुद्धा जहाज सुटल्यावर पैसे आणि दिवस खाते. आतल्या देशात जायचं असेल तर बंदरापर्यंतचं भाडं आणि पुढचं भाडं वेगवेगळं लिहून घ्या, आणि पुढचं अर्धं माल मिळाल्यावर द्यायचं ठरवा. याला तयार नसलेल्या ऑफिसला त्या रस्त्याची स्वतःलाच खात्री नसते. कंटेनर बंद झाल्यावर सीलच्या नंबरचा फोटो त्याच दिवशी मागा. आणि पैसे मोजण्याआधी पावतीवर शेवटचं ठिकाण कोणतं लिहिलंय ते वाचा: मोम्बासा बंदर की आत, युगांडातलं कंपाला.