गोव्यातून युरोपला माल: शिडाचं जहाज, साधा कंटेनर की विमान?

काजू, कोकम, मसाले असलं काही युरोपला पाठवताय आणि तिकडचा बायर आता विचारतोय की तुमच्या मालाचा कार्बन किती, तर हे वाचा. हल्ली शिडाच्या मालवाहू जहाजांचे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत आणि लोक सिरीयसली विचारतात की आपला माल त्यातून जाईल काय.

सरळ सांगतो, सध्या नाही जाणार. फ्रान्सची शिडाची मालवाहू बोट आनेमोस 81 मीटर लांब, साधारण हजार टन माल घेते, 2024 च्या ऑगस्टमध्ये ल हाव्रहून न्यूयॉर्कला गेली, ग्रँ द सेल 2 तर 52 मीटरचीच, त्यापेक्षा मोठी निओलाइनर ओरिजिन 136 मीटर. सगळ्यांचा धंदा मुख्यतः अटलांटिकवर आणि माल वाइन, कोन्याक, कॉफी, कोको असला, म्हणजे जिथे बाटलीमागे थोडं जास्त भाडं गिऱ्हाईक हसत देतं. आपल्या किनाऱ्यावरून युरोपला अशी रेग्युलर लाइन नाहीच. (गोव्यात फळ्यांना टाके घालून बांधलेली कौंडिण्य नौका शिडावर मस्कतला गेली म्हणून आपल्याकडे उत्साह आहे, मलाही भारी वाटलं, पण ती नेव्हीची, तिच्यात काजूचे कार्टन कोण भरणार.)

दुसरा प्रकार म्हणजे इंजिनवरच चालणारं मोठं जहाज, वर वाऱ्याची मदत. पिक्सिस ओशन या जहाजावर 2023 मध्ये साडेसदतीस मीटर उंच दोन पंख बसवले, सहा महिन्यांच्या ट्रायलमध्ये दिवसाला सरासरी 3 टन इंधन वाचलं. काही जहाजांवर फिरणारे उंच सिलिंडर असतात, रोटर सेल. पण हे बहुतेक बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारी जहाजं) आणि टँकरवर, कारण कंटेनर जहाजाच्या डेकवर डबेच इतके रचलेले की पंख लावायला जागा कुठे. म्हणजे तुम्ही खनिजवाले असाल तर अख्खं जहाज भाड्याने घेताना असलं जहाज मागण्यात अर्थ आहे, काजूवाल्याला उपयोग शून्य.

मग राहिलं काय, साधा कंटेनर आणि विमान. इथे मात्र आकडे बघाच. एक टन माल एक किलोमीटर न्यायला मोठ्या कंटेनर जहाजावर ढोबळमानाने 10 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, ट्रकवर 100 च्या आसपास, विमानात 500 च्या वर. म्हणजे विमानाने माल टाकलात तर बाकी काहीही करा, ते भरून निघत नाही. काजूगर काय दोन दिवसात नासत नाही, व्हॅक्यूम पॅक असेल तर बोटीने आरामात जातो, 22.68 किलोचे साधारण 700 कार्टन 20 फुटी कंटेनरात बसतात, तेवढा माल नसेल तर एलसीएलने दुसऱ्यांबरोबर डबा शेअर करा.

आणि एक गोष्ट कोणी बघतच नाही, ती म्हणजे इथून न्हावा शेवापर्यंतचा ट्रक. सहाशेएक किलोमीटर धरा, टनामागे 60 किलो झाले. तिथून जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून गेलं तर रॉटरडॅम वीसएक हजार किलोमीटर, ते 200 किलो. म्हणजे जवळपास पाव कार्बन आपल्याच हायवेवर गेला! शिडाचं जहाज शोधत बसण्यापेक्षा हा तुकडा कमी करणं तुमच्या हातात आहे. कोकण रेल्वेची रोरो 1999 पासून आहे, वेर्ण्यात ट्रक वॅगनवर चढवायचा, कोलाडला उतरवायचा, घाटातलं डिझेलही वाचतं आणि ड्रायव्हरला झोपही मिळते. मुरगावहून फीडर (मोठ्या बंदरापर्यंत डबे नेणारं छोटं जहाज) जमत असेल तर अजून बरं, फक्त तारखा तुमच्या ऑर्डरशी जुळायला हव्यात.

शिपिंग लाइनवाले बायोफ्युएलचा ऑप्शनही देतात, जास्त पैसे भरा आणि सर्टिफिकेट घ्या. त्यात फसवणूक नाही, पण ते इंधन तुमच्याच जहाजात जळेल असं नसतं, लाइनच्या दुसऱ्या कुठल्या जहाजात जळतं आणि हिशोब तुमच्या नावावर येतो. बायर तो कागद मानतो का हे पैसे भरायच्या आधी त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या, आणि एक्स्ट्रा चार्ज त्याच्या इन्व्हॉइसमध्ये टाकता येतो का तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.