जुना मेटल डिटेक्टर घेताना: गॅरेट, टेसोरो की मिनलॅब?

लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसभावानं गेल्या आठवड्यात तीन जाहिरातींचे फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: "ताई, शंभरेक पौंड आहेत, यातला कुठला घेऊ?" पहिला गॅरेटचा एस (Ace) २५०, दुसरा टेसोरोचा सिल्व्हर मायक्रोमॅक्स, तिसरा मिनलॅबचा सॉव्हरिन. तिन्ही जुने, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये धूळ खात पडलेले, आणि विकणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार तिन्ही 'फक्त दोनदा वापरलेले'. फोनवर सांगायला बसले तर तास मोडला असता, म्हणून लिहूनच काढलं. इंग्लंडात नव्यानं या नादाला लागणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल.

जुन्या यंत्राचा विषय निघाला की इथे टेरी हर्बर्टचं नाव निघतंच. जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या हॅमरविच गावाजवळच्या शेतात त्याला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड, निम्मी त्याची, निम्मी शेतमालकाची. त्याच्या हातातला डिटेक्टर चौदा वर्षं जुना होता. विकणारे ही गोष्ट मोठ्या चवीनं सांगतात. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून यंत्राची किंमत कळत नाही, शेताची कळते. ते सोनं नांगरटीच्या मातीतच विखुरलेलं होतं. कुठल्याही धड यंत्रानं ते सांगितलं असतं.

म्हणून मी मावसभावाला उलट विचारलं, "चालणार कुठे आहेस?" त्याचं उत्तर: ओळखीच्या शेतकऱ्याचं एक कुरण, आणि सुट्टीत स्केग्नेसचा किनारा. या दोन जागा एकाच यंत्राला मानवत नाहीत. खरा घोळ तिथेच आहे.

एस २५०: फळ्यावर लिहून देणारा

गॅरेट ही टेक्सासमधल्या गार्लंडची कंपनी, १९६४ पासूनची, आणि आजही चालू. तिचा हा पिवळा डिटेक्टर खास नवशिक्यांसाठी केलेला. चार पेन्सिल सेल घाला, बटण दाबा, चालायला लागा. पडद्यावरच्या खान्यांत खूण सरकते: डावीकडे लोखंड, उजवीकडे चांदी. लोखंडाला खर्जातला आवाज, मधल्या धातूंना मधला, आणि चांदी किंवा तांब्याला देवळातली घंटी हलकेच वाजवल्यासारखा नाद. वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगायला वेगळं बटण आहे, त्यामुळे खड्डा लहान राहतो आणि शेतकऱ्याचं तोंडही गोड राहतं.

आता खोडी. पडद्याच्या वर छापलेली नाणी अमेरिकेची आहेत. इंग्लंडातल्या शेतात ती माहिती कुचकामी. मध्ययुगातलं हातोड्यानं ठोकून पाडलेलं चांदीचं नाणं कागदासारखं पातळ असतं. ते चांदीच्या खान्यात न बसता बरेचदा मध्येच कुठेतरी, शीतपेयाच्या कॅनच्या कडीला खेटून बसतं. सोन्याची लहान अंगठीही तिथेच. मी पहिले दोन महिने 'कॉइन्स' हा मोड लावून हिंडले. त्यात हे मधले खाने बंद असतात. कचरा लागला नाही याचा आनंद होत होता. काय काय पायाखालून गेलं असेल ते आठवलं की आजही हळहळ वाटते. फार तर लोखंडाचे एक-दोन खाने बंद करा, बाकी सगळं उघडं ठेवा.

दुसरी खोडी आवाजाची. याला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. शांत कुरणावर तो असा केकाटतो की गायी माना वळवून बघतात. हेडफोन घ्या, आणि ज्याच्यावर स्वतःची आवाजाची चकती आहे असाच घ्या. सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे यंत्र किती बारीक खूण टिपेल त्याच्या, आठ पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर ठेवलात तर यंत्र उगाच बडबडतं, दोन-तीन पायऱ्या खाली बरं.

सिल्व्हर मायक्रोमॅक्स: बोलेल तेवढंच

टेसोरोला पडदा नाही. दोन-तीन गोल चकत्या, एक खटका, नऊ व्होल्टचा एक चौकोनी सेल, वजन किलोभर. दिवसभर हलवला तरी खांदा दुखत नाही. आवाज एकच: वस्तू आहे, किंवा नाही. चांदी, शिसं, पितळ सगळ्यांना तोच सूर.

मग ओळखायचं कसं? अंगठ्यानं. वस्तूवर कॉइल (दांड्याच्या टोकाची गोल तबकडी) हलवत डिस्क्रिमिनेशनची, म्हणजे नको ते धातू गाळायची, चकती हळूहळू पुढे फिरवत जायची आणि आवाज कुठे तुटतो ते बघायचं. पुढच्या टोकापर्यंत तुटला नाही तर खणावंच. हे शिकायला वेळ लागतो, पण एकदा कान बसला की पडद्याची आठवण येत नाही. मला स्वतःला हे यंत्र तिन्हींत जास्त आवडतं, तेव्हा माझं मत थोडं तिकडे झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

त्याचं खरं कसब दिसतं ते जुन्या घराच्या जागी, जिथे मातीत खिळ्यांचा खच असतो. एका खिळ्यावरून सावरून पुढच्या वस्तूला प्रतिसाद द्यायला ते फार कमी वेळ घेतं. त्यामुळे दोन गंजक्या खिळ्यांच्या मध्ये दडलेलं बटणसुद्धा बोलतं. अशा ठिकाणी एस २५० थोडा गोंधळतो आणि सॉव्हरिन तर मुकाच होतो.

अडचण मोठी आहे ती वेगळीच: ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटची ही कंपनी २०१८ मध्ये बंद झाली. जाहिरातीत 'आजीवन हमी' असं लिहिलेलं असेल तर हसून सोडून द्या. ती हमी पहिल्या खरेदीदारापुरतीच होती, आणि आता तर देणाराच उरला नाही. कॉइल गेली तर दुसरी जुनी कॉइल शोधत बसावं लागतं.

सॉव्हरिन: ओल्या वाळूचा धनी

मिनलॅब ऑस्ट्रेलियाची. तिचा सॉव्हरिन १९९१ मध्ये आला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. वरची दोन्ही यंत्रं प्रत्येकी एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. हा एकाच वेळी १७ फ्रिक्वेन्सी वापरतो, दीड ते साडेपंचवीस किलोहर्ट्झपर्यंत. याचा अर्थ किनाऱ्यावर कळतो. खारट पाण्यानं भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहते, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिलाच धातू समजून ओरडत सुटतं. सॉव्हरिन त्या मिठाकडे दुर्लक्ष करू शकतो. कोरड्या वाळूत तिन्ही चालतात. ओहोटीनंतरच्या ओल्या पट्ट्यात मात्र हा एकटाच.

पण त्याची चाल बैलगाडीची. कॉइल सावकाश फिरवावी लागते, कानात सतत एक बारीक गुणगुण चालू असते आणि लोखंडावरून गेलं की ती गुणगुण काही क्षण पूर्ण थांबते. खिळ्यांच्या जागी तर तो थांबलेलाच राहतो. वजनही जाणवतं. शिवाय वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा बॅटरीचा खोका बहुधा मेलेला असतो. पेन्सिल सेल घालायचा खोका सोबत देत असतील तरच व्यवहार पुढे न्यावा. आणि ओल्या वाळूचा धनी असला तरी पाण्यात उतरायचं नाही: कॉइल भिजली तर चालते, वरची डबी भिजली की संपलं. हे तिन्ही यंत्रांना लागू.

मग कुठला?

फक्त कुरण असेल तर एस २५०. बिघडला तर सुटे भाग मिळतात, नाद सोडलात तर पुन्हा विकला जातो, आणि अडलं तर सांगणारे शंभर जण आहेत. शेतात पडक्या घराची जोती असतील, किंवा तुम्हाला पडद्यापेक्षा कानाचा भरवसा वाटत असेल, तर टेसोरो. समुद्र घरापासून अर्ध्या तासावर असेल तरच सॉव्हरिन. वर्षातून दोनदा स्केग्नेसला जायचं म्हणून घेऊ नका.

इथे एक चौथा पर्यायही आहे, आणि तो जाहिरातींत नव्हता. २०१९ पासून मिनलॅबची व्हँक्विश मालिका बाजारात आहे. तिच्यातला सगळ्यांत साधा ३४० सुद्धा अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतो, हलका आहे आणि पेन्सिल सेलवर चालतो. वापरलेला ३४० सॉव्हरिनच्या भावाच्या जवळपास मिळत असेल तर जुन्याचा मोह सोडावा. उलट टोकाला, सत्तरच्या दशकातले, लोखंड वेगळं काढायची सोयच नसलेले डिटेक्टर दहा-पंधरा पौंडांना मिळतात. ते दिवाणखान्यात टांगायला छान.

बघायला जाल तेव्हा

घरात चालवून बघू नका. फरशीखालचे खिळे आणि टीव्ही-वायफाय यांनी चांगलं यंत्रही वेड्यासारखं वागतं. विकणाऱ्याला म्हणावं, बाहेर हिरवळीवर चला. आधी सेलचं झाकण उघडायचं. आत हिरवट-पांढरी पूड जमली असेल तर किंमत पाडा किंवा निघा. मग कॉइलची वायर, विशेषतः जिथे ती कॉइलमध्ये शिरते ती जागा. यंत्र चालू ठेवून ती वायर हलकेच वाकवा. आवाज आला तर आत तुटलेली आहे. कॉइलवर बोटानं टिचकी मारूनही तसंच बघा. कॉइल दांड्याला जोडणारे दोन कान तडकलेले नाहीत ना, आणि खालचा बोल्ट प्लॅस्टिकचाच आहे ना, हेही. हरवलेल्या बोल्टच्या जागी कुणीतरी लोखंडी स्क्रू ठोकलेला असतो आणि मग यंत्र स्वतःच्याच स्क्रूवर आयुष्यभर वाजत राहतं. गॅरेटच्या नावानं नकली यंत्रंही फिरतात, तेव्हा अनुक्रमांक बघायचा.

परीक्षेला नाणं मात्र विचारपूर्वक न्या. खिशातला एक किंवा दोन पेन्सचा नवा तुकडा तांब्याचा दिसतो, पण सप्टेंबर १९९२ पासून ही नाणी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. त्यांच्यावर यंत्र लोखंडासारखं कुरकुरलं तर दोष नाण्याचा. भारतातून येताना पाकिटात राहिलेला स्टीलचा रुपया काढाल तर तीच गत. १९९२ च्या आधीचं, चुंबकाला न चिकटणारं दोन पेन्सचं नाणं घ्या. त्यावर एस २५० ची घंटी स्वच्छ वाजलीच पाहिजे.

यंत्राशिवायचा खर्चही धरा: मजबूत हातखुरपं, हेडफोन, शक्य झाल्यास पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर), आणि नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व, कारण त्यात विमा येतो आणि शेतकरी पहिल्यांदा तेच विचारतो.

परवानगीशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. संरक्षित स्मारकाच्या जागी तर डिटेक्टर चालू करणंसुद्धा गुन्हा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू आहे: तीनशे वर्षांपेक्षा जुनी आणि किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू (सुटं नाणं सोडून) सापडली तर चौदा दिवसांत कॉरोनरला (संशयास्पद मृत्यूंची आणि अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांपुढच्या काही विशेष महत्त्वाच्या वस्तूही त्यात आल्या. बाकी किरकोळ सापडलेलं पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या अधिकाऱ्याला दाखवावं. हे बंधन नाही, पण दाखवल्याशिवाय त्या बटणाचा इतिहास तुमच्यापुरताच राहतो. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि जास्त कडक.

आणि हो, हा नाद लागल्याचं कळलं की गावाकडून फोन येतो: "येताना ते मशीन घेऊन ये, किल्ल्यावर जाऊ." मला आजवर तीनदा आला. आणायचं नाही. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही आहे; जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. बरेच गडकोट तर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असिरगडच्या भोवती मोगलांचं सोनं शोधायला लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन उतरले होते आणि शेतं खड्ड्यांनी भरून गेली. त्या शेतकऱ्यांचं काय झालं असेल, याचाच विचार माझ्या मनात आधी आला.

मावसभाऊ शनिवारी एस २५० बघायला डर्बीला जाणार आहे. मी त्याला पाकिटात घालून दोन नाणी पाठवली आहेत: एक १९७१ चं दोन पेन्सचं, एक २००५ चं. दोन्ही हिरवळीवर हातभर अंतरावर टाकायची, आणि विकणाऱ्याला काही सांगायचं नाही.