लॅपटॉपचे आठ महिने: वायफाय का तुटत होतं आणि शेवटी कसं थांबलं

नोव्हेंबरची २० तारीख होती. ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं रिटर्न पूर्ण भरून झालं होतं, चलन भरलं होतं, फक्त ओटीपी टाकून सबमिट करायचं बाकी. त्यांनी फोनवरून सहा आकडे सांगितले, मी टाकले, बटण दाबलं आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. खाली कोपऱ्यात वायफायचं चिन्ह जाऊन तिथे पृथ्वीचा गोळा आला होता. फोनवर तिकडून विचारणा, "ताई, झालं का?" माझ्याच मोबाइलवर त्याच वायफायवर सगळं सुरळीत चालू होतं. मिनिटभरात लॅपटॉपचं वायफायही परत आलं, पण पोर्टलने पुन्हा लॉगिन मागितलं आणि सगळं पहिल्यापासून.

लॅपटॉप दसऱ्याला घेतलेला, म्हणजे जेमतेम महिन्याचा. मी सांगलीत घरूनच जीएसटीची आणि हिशेबाची कामं करते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला दिवसभर पोर्टल उघडं असतं, त्यामुळे माझ्या दृष्टीने नेट तुटणं म्हणजे दुकानाचं शटर मध्येच खाली येणं.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही. वायफायची कार्डं वेगळ्याच कंपन्या बनवतात आणि तीच कार्डं बऱ्याच ब्रँडच्या लॅपटॉपमध्ये असतात, त्यामुळे नावापेक्षा दुखणं समजणं उपयोगाचं. बाकी लॅपटॉपबद्दल तक्रार नाही. १४ इंची, १६ जीबी रॅम, कीबोर्ड उत्तम, टॅली आणि एक्सेलवर बॅटरी सहा तास सहज जाते. एकच गोष्ट दुकानात बघायची राहून गेली: याला लॅनचं, म्हणजे नेटची वायर थेट लावायचं, भोकच नाही. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना बहुधा नसतं. म्हणजे सगळा भार वायफायवर.

सुरुवातीला सगळ्यांनी राउटरकडे बोट दाखवलं. नेटवाल्याचा माणूस आला, फायबरची पिवळी वायर बदलली, गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग बारावीतल्या मुलाने एक गोष्ट सुचवली आणि खरा तपास तिथून सुरू झाला. "आई, आधी घरातलं तुटतंय की बाहेरचं, ते बघ."

त्यासाठी विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीत इंग्रजीत पिंग (दिलेल्या पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघणारी आज्ञा), पुढे राउटरचा पत्ता (आमच्याकडे १९२.१६८.१.१) आणि शेवटी -टी. दुसरीत तेच, फक्त पत्ता बाहेरचा, ८.८.८.८. दोन्ही सेकंदासेकंदाला उत्तर दाखवत राहतात. नेट अडकलं आणि फक्त दुसरी खिडकी थांबली, तर राउटरच्या पुढचं काही बिघडलंय, नेटवाल्याला फोन करा. दोन्ही थांबल्या तर बिघाड लॅपटॉप ते राउटर या घरातल्याच टप्प्यात आहे. माझ्याकडे प्रत्येक वेळी दोन्ही थांबत होत्या.

मी एक जुनी वही घेतली आणि आठ दिवस नोंद ठेवली: वेळ, किती सेकंद, त्या क्षणी मी काय करत होते, मोबाइल चालू होता का, आणि खिडकीत नेमकं काय लिहून आलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा ठरला. काही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत होतं, काही वेळा 'जनरल फेल्युअर'. पहिल्याचा अर्थ, जोडणी आहे, निरोप जातोय, उत्तर वेळेत परत येत नाही. दुसऱ्याचा अर्थ, जोडणीच उरलेली नाही, निरोप लॅपटॉपच्या बाहेरच पडला नाही. वही बघितल्यावर लक्षात आलं की मी दोन वेगळी दुखणी एकच समजून औषध शोधत होते. टाइम्ड आउट मुख्यतः संध्याकाळी सहा ते सात. जनरल फेल्युअर बहुतेकदा लॅपटॉपचं झाकण उघडल्यानंतर.

संध्याकाळचं दुखणं आधी हातात घेतलं. आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं, भिंती अठरा इंची. राउटर बाहेरच्या खोलीत आणि माझं टेबल मागे, मध्ये अशा दोन भिंती. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे सोडतो. ५ चा वेग जास्त, पण जाड भिंतीत तो लवकर दमतो, २.४ लांब पोचतो. दोन्हींना एकच नाव दिलेलं असल्यामुळे माझा लॅपटॉप एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉप २.४ वर कायम केला. उड्या थांबल्या.

पण २.४ वर गर्दी फार. मोबाइलवर वायफाय तपासायचं ॲप टाकून बघितलं तर आमच्यासकट सहा घरं ६ नंबरच्या चॅनलवर बसलेली. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. चॅनलचे नंबर एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर असतात, पण एका वायफायला जागा लागते २० मेगाहर्ट्झची. म्हणून शेजारचा ६ वर असताना आपण ७ घेतला तर काही सुटका होत नाही, दोघं एकमेकांच्या अंगावरच बसतात. खऱ्या अर्थाने सुटे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या भागात ११ जवळजवळ मोकळा होता. तो ठेवला, चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. दिवसभराचे अधूनमधूनचे झटके यानेच गेले.

तरीही संध्याकाळची सहा ते सातची नोंद काही हटेना. मला वाटत होतं, सगळे घरी येतात, टीव्ही लावतात, त्यामुळे असेल. एका रविवारी दुपारी, शेजारी बहुतेक सगळे झोपलेले, मी टॅलीच्या डेटाचा बॅकअप घ्यायला बाहेरची हार्ड डिस्क लावली. पिंगची खिडकी चालूच होती. उत्तर यायला ३ मिलिसेकंद, ४, ३, आणि डिस्क लागल्यावर २१०, ६४०, टाइम्ड आउट, टाइम्ड आउट. डिस्क काढली. ३, ३, ४. पुन्हा लावली. पुन्हा ५००च्या वर. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तेच. बॅकअप मी रोज सहाच्या सुमारास घेत होते.

हे काही माझ्याच लॅपटॉपचं वैगुण्य नाही. यूएसबी ३.० मधून डेटा ज्या वेगाने जातो त्याचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्क, तिची वायर आणि यूएसबीचं भोक हे सगळं अँटेनाच्या जवळ असेल तर वायफायला ऐकूच येत नाही. मला एक खूण आधीपासून दिसत होती आणि मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही: त्याच वेळी वायरलेस माउस अडखळायचा. माउसचा छोटा रिसीव्हरही २.४ वरच चालतो. वायफाय आणि माउस एकदम अडखळत असतील तर राउटरला हात लावण्याआधी यूएसबीला काय लावलंय ते बघा.

उपाय साधा निघाला. जाड आवरणाची मीटरभर लांबीची चांगली केबल घेतली, डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, आणि बॅकअपची वेळ काम संपल्यानंतरची केली. संध्याकाळचं दुखणं गेलं.

दुसरं दुखणं चिवट होतं. जेवायला उठताना झाकण बंद करावं, परत येऊन उघडावं, तर वायफायचं बटणच गायब. बंद नाही, गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि आत 'कोड १०', म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. शट डाउन करून चालू केलं तरी कधी कधी येत नसे, पण रीस्टार्ट केलं की येई. याचं कारण पुढे कळलं: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर यंत्रणेचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. फास्ट स्टार्टअप बंद केलं, थोडा फरक पडला.

मग ड्रायव्हर. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून माझ्या मॉडेलचा घेतला. कुठल्यातरी 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नादाला लागू नका, असं मी कळकळीने सांगेन. दहा दिवस छान गेले आणि विंडोज अपडेटने आपलाच वेगळा ड्रायव्हर परत बसवला. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून घ्या असं सगळे सांगतात. ती खूण पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये असते, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तो टॅबच दिसत नाही. माझ्यात नव्हता. जानेवारीत वहीत अकरा नोंदी झाल्या.

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. पहिल्या वेळी काउंटरवर लॅपटॉप उघडला, वायफाय व्यवस्थित चाललं, आणि उत्तर मिळालं, "मॅडम, राउटर जुना असेल." जॉबशीटवर, म्हणजे तक्रार नोंदवायच्या कागदावर, लिहिलं होतं 'इंटरनेट स्लो'. दुसऱ्या वेळी विंडोज पुन्हा टाकून दिलं. त्यानंतर टॅली, प्रिंटर, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर हे सगळं परत बसवण्यात माझा एक अख्खा दिवस गेला, आणि तिसऱ्या दिवशी पिवळा त्रिकोण पुन्हा हजर. मला याचं खरंच वाईट वाटलं. ग्राहक घरून येऊन नेमकं काय होतंय ते सांगतो आणि ऐकणारा ते 'स्लो' या एका शब्दात गुंडाळतो, यात माणसाचे महिने जातात.

तिसऱ्या वेळी मी कागद घेऊन गेले. विंडोजमध्येच वायफायचा अहवाल काढायची सोय आहे, फारशी कोणाला माहीत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि इंग्रजीत नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट हे चार शब्द मध्ये जागा सोडून टाइप करायचे. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि तुटण्याचं कारण काय नोंदलं गेलं, याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. चुकीच्या जागी लाल गोल दिसतात. असे तीन अहवाल, कोड १०चे फोटो आणि वही. आणि जॉबशीट लिहिताना मी समोर बसून शब्द सांगितले: 'झाकण उघडल्यावर वायफाय कार्ड सापडत नाही, कोड १०'.

या वेळी आतून एक वयस्क तंत्रज्ञ बाहेर आले. त्यांनी वही उभ्याउभ्याच पानापानाने वाचली आणि माझ्यासमोर लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. वायफायचं कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढं असतं. त्याच्यावर दोन बारीक वायरी येतात, एक काळी, एक पांढरी. स्क्रीनच्या कडेत बसवलेल्या अँटेनांपासून बिजागरीतून त्या खाली उतरतात आणि टोकाला टिचबटणासारखं पितळी टोपण असतं. पांढऱ्या वायरीचं टोपण बसलेलंच नव्हतं, नुसतं टेकलेलं होतं. "हे बघा मॅडम," म्हणून त्यांनी चिमट्याने हलवून दाखवलं. म्हणजे चार महिने लॅपटॉप एका कानाने ऐकत होता. कार्डाचा बिघाड वेगळा होता. ते वॉरंटीत बदलून दिलं, दोन्ही टोपणं अंगठ्याने दाबली, दोनदा टक् असा आवाज आला.

हे फेब्रुवारीच्या मध्यात. त्यानंतर चार महिन्यांत कार्ड एकदाही गायब झालेलं नाही. मागच्या खोलीत २.४ चा सिग्नल पूर्वी ४५-५० टक्के दाखवायचा, आता ७० च्या आसपास असतो. ज्या लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डालाच डाक दिलेलं असतं, त्यात हा बदल इतका सोपा नाही, म्हणून नवीन घेताना कार्ड सुटं आहे का ते विचारून घ्या.

एक छोटी नोंद एप्रिलमधली. बाहेरच्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झवर काम करत होते आणि ते नावच यादीतून मिनिटभर नाहीसं झालं, मोबाइलवरूनसुद्धा. यात लॅपटॉपचा दोष नव्हता. ५ च्या पट्ट्यात ५२ पासून पुढचे काही चॅनल रडारही वापरतात. रडारची चाहूल लागली असं राउटरला वाटलं तर त्याने तो चॅनल सोडायचा असा नियम आहे, आणि तसल्याच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी निदान ६० सेकंद नुसतं कान देऊन थांबावं लागतं. राउटर 'ऑटो'वर होता आणि तो १०० वर जाऊन बसला होता. मी ३६ वर कायम केला.

११ आणि २० तारखेला मात्र मी वायफायवर विसंबत नाही. यूएसबीला लावायचं लॅनचं अडॅप्टर घेतलं, दाराच्या चौकटीवरून वायर मागच्या खोलीत आणली. अडॅप्टरही यूएसबी ३चंच आहे, पण त्या दिवशी वायफाय बंदच असतं, त्यामुळे गोंगाटाचा प्रश्न येत नाही.

लॅपटॉप घ्यावा का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणते, पण पहिल्या आठवड्यातच पिंगच्या दोन खिडक्या लावून, झाकण दहा वेळा उघडझाक करून बघायला सांगते. बदललेल्या कार्डाला वेगळी वॉरंटी नाही, ती लॅपटॉपबरोबर ऑक्टोबरात संपणार. म्हणून सप्टेंबरात मी पुन्हा आठ दिवस वही उघडून नोंद ठेवणार आहे, आणि एक जरी जनरल फेल्युअर दिसलं तरी मुदतीच्या आत जॉबशीट करून घेणार आहे.