ऑफिसची गोल्फ स्पर्धा: सिस्टिम ३६ की खरा हँडिकॅप?

एकदिवसीय स्पर्धा भरवायची म्हटलं की पहिला वाद हाच. निम्म्यांकडे हँडिकॅप इंडेक्स (कच्च्या खेळाडूला किती फटक्यांची सूट द्यायची ते ठरवणारा, आधीच्या फेऱ्यांवरून काढलेला अधिकृत आकडा) असतो, उरलेले अधूनमधून खेळणारे. मग कुणीतरी म्हणतं, "सिस्टिम ३६ लावून टाका, कटकट नको." आमच्याकडे बरीच वर्षं तेच चाललं. आता स्पर्धेचं काम माझ्याकडे आल्यावर मी ते बदललं, म्हणून हा खटाटोप.

सिस्टिम ३६, म्हणजे त्याच दिवशीच्या खेळावरून हँडिकॅप काढायची पद्धत. तिची सोय नाकारण्यात अर्थ नाही. पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) किंवा त्याहून चांगल्याला २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, डबल बोगी (दोन जास्त) आणि पुढे शून्य. बेरीज ३६ मधून वजा केली की त्या दिवसाचा हँडिकॅप तयार. जुन्या फेऱ्यांची कार्डं (फटक्यांच्या नोंदी) नकोत, कुणी घरून फुगवलेला हँडिकॅप घेऊन येईल ही भीती नाही.

पण एकदा काय झालं, शेवटच्या पार ४ होलवर आमच्यातल्या एकाला बोगीसाठी चार फुटांचा पट (चेंडू भोकात ढकलायचा फटका) उरला होता. गड्याने दोन्ही बाजूंनी उतार पाहिला, कॅडीला विचारलं, घाम पुसला आणि घातला बरोब्बर आत. टाळ्या झाल्या. मी मनात हिशोब केला. पट गेला म्हणून ५ फटके, १ गुण, म्हणजे हँडिकॅपमध्ये १ ची भर, नेट (फटके वजा हँडिकॅप) ४. हुकला असता तर ६ फटके, शून्य गुण, हँडिकॅपमध्ये २. नेट पुन्हा ४! म्हणजे त्या पटाला काडीची किंमत नव्हती.

तेव्हापासून ही पद्धत माझ्या डोक्यात गेली. कारण हे एका होलचं नाही. पार ७२ च्या कोर्सवर सगळे पार केले तरी नेट ७२. सगळ्या बोगी केल्या तर ९० वजा १८, तेही ७२. सगळ्या डबल बोगी, १०८ वजा ३६, परत ७२. फरक पडतो तो फक्त बर्डीने (पारपेक्षा एक फटका कमी) किंवा त्याहून चांगल्याने, नाहीतर ट्रिपल बोगी आणि त्यापुढच्या गोंधळाने. दोन बर्डी आणि सोळा डबल बोगी करून १०२ मारणाऱ्याचं नेट ७० येतं आणि तो अठराच्या अठरा पार करणाऱ्याला हरवतो. पिओरिया या दुसऱ्या पद्धतीबद्दल तर बोलायलाच नको. तिथे हँडिकॅप काही गुप्त होलवरून काढतात, म्हणजे गुप्त होलवर कोण गडगडलं त्यावर नशीब.

२०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत हँडिकॅप आधीच ठरलेला असतो: शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ ची सरासरी, कोर्सच्या रेटिंग-स्लोपप्रमाणे (कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे) जुळवलेली. त्यामुळे त्या दिवशी वाचवलेला प्रत्येक फटका तुमच्याच खिशात. एरवी शंभरी गाठणारा त्या दिवशी ८८ मारतो, तर बक्षीस त्याला मिळतं, आणि मिळायलाच हवं.

खोट आहेच. चांगली कार्डं न भरता इंडेक्स चढा ठेवणारे महाभाग प्रत्येक क्लबात असतात. इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त फटक्यांनी सरस फेरी आली की जास्तीची कपात होते, पण ती कार्ड भरल्यावर. बक्षीस तोवर घरी पोचलेलं. शिवाय सुरुवातीला ५४ होलची कार्डं लागतात आणि नवख्यांना ते जड वाटतं. पण १८ होलच्या तीन फेऱ्या किंवा नऊ-नऊच्या सहा, महिना-दीड महिन्यात होऊन जातात. कमाल इंडेक्स ५४ असल्यामुळे कच्च्या खेळाडूने लाजायचंही कारण नाही.

जेमतेम आठवडा हाताशी असेल आणि निम्म्याहून जास्त मंडळी बिनइंडेक्सची असतील, तर सिस्टिम ३६ घ्या, मी नावं ठेवणार नाही. वेळ असेल तर मात्र आमंत्रणातच लिहा: तीन कार्डं भरून या. जे भरणार नाहीत त्यांच्यासाठी सिस्टिम ३६ चं एखादं छोटं बक्षीस वेगळं ठेवा. ट्रॉफी इंडेक्सवाल्यांच्या नेटवर.