पहिल्या चुकीला थांबायचं की सगळ्या मोजायच्या?

कोड तपासणारी शेल स्क्रिप्ट लिहायला बसलं की पहिल्या दहा ओळींतच हा प्रश्न येतो. वर ‘सेट मायनस ई’ (set -e: एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते) टाकून मोकळं व्हायचं, की प्रत्येक तपासणीचा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे पास) आपण पकडायचा आणि निकाल शेवटी द्यायचा? ऐरोलीतल्या आमच्या टीममध्ये आधी पहिला प्रकार होता, आता दुसरा आहे. तुमची स्क्रिप्ट वीसेक ओळींची असेल तर एवढा विचार करू नका, ‘सेट मायनस ई’ पुरे.

त्याच्या बाजूने बोलायला बरंच आहे. सीडी (फोल्डर बदलणारी कमांड) फसलं आणि पुढचं आरएम (फाइली पुसणारी) भलत्याच फोल्डरात चाललं, असल्या अनर्थातून तो वाचवतो. डिप्लॉयच्या (तयार कोड सर्व्हरवर चढवण्याच्या) स्क्रिप्टमध्ये मी आजही तोच ठेवतो, कारण तिथे एक पायरी कोसळली तर पुढची चढण्यात अर्थ नसतो. तपासणीचं तसं नाही. ईएसलिंटने (जावास्क्रिप्ट तपासणारं टूल) चुका दाखवल्या म्हणून शेलचेकने (शेल स्क्रिप्ट तपासणारं) का थांबावं? दाखल्याच्या खिडकीवर रोज एकेक कागद कमी निघावा तसं होतं: दुरुस्ती, पुश (कोड वर पाठवणं), पुन्हा चेक लाल, म्हणजे नापास.

तेही मी चालवून घेतलं असतं. मन उडालं ते एका शुक्रवारी. ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडली, दिघा गाव येतं न येतं तोच ज्युनिअरचा फोन. “दादा, चेक लाल आहे, पण लॉगमध्ये काहीच नाही. माझ्या मॅकवर नीट चालतंय.” स्क्रिप्ट माझीच, वर ‘सेट मायनस ई’ होताच. प्रत्येक तपासणीचं आउटपुट तात्पुरत्या फाइलीत आणि शेवटी सगळं एकदम छापायचं, अशी माझी हुशारी. नापास झालं की दुहेरी कंसात काउंटर प्लस-प्लस, म्हणजे चुकांचा आकडा एकाने वाढवायचा. आता ++ मागे असलं की हिशोबाला आधीची किंमत मिळते, म्हणजे शून्य, आणि दुहेरी कंसात शून्य आलं की बॅशच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलच्या) लेखी ते अपयश, म्हणजे एक्झिट कोड १. म्हणजे पहिली चूक मोजली त्याच क्षणी स्क्रिप्टने मान टाकली, तीही एक अक्षर न छापता. मॅकसोबत येणारं बॅश ३.२ इतकं जुनं की ते याकडे काणाडोळा करतं, रनरवरचं (पुश झाल्यावर तपासणी चालवणाऱ्या मशीनवरचं) नवं करत नाही. ठाण्याला उतरून बाकड्यावर लॅपटॉप उघडला तेव्हा हे सापडलं.

++ पुढे घेतलं की हा एक घाव भरतो, मान्य. पण नियम लक्षात राहत नाहीत ही खरी अडचण. इफच्या अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत ‘सेट मायनस ई’ झोपी जातो. लोकल (गाडी नव्हे, बॅशमधलं, व्हेरिएबल फंक्शनपुरतं ठेवणारं) लिहून त्याच ओळीत कमांडचं उत्तर साठवलं, की कमांड फसली तरी कोड लोकलचा, म्हणजे शून्य, येतो.

हाताने मोजण्यातही खड्डे आहेत, एकात मी पडलोय. चुकांची संख्याच एक्झिट कोड म्हणून परत करू नका. तो ० ते २५५ मध्येच मावतो, त्यामुळे २५६ चुका झाल्या की चेक हिरवा! शेवटी फक्त ० किंवा १ द्या. आणि पाइपफेल (पाइपने जोडलेल्या कमांडींपैकी एक जरी फसली तरी अपयश धरणारी सेटिंग) दोन्हीकडे हवाच, नाहीतर लिंटरचं (चुका शोधणाऱ्या टूलचं) आउटपुट ‘टी’ (tee: पडद्यावर आणि फाइलीत दोन्हीकडे देणारी कमांड) मधून नेलं की निकाल ‘टी’चा लागतो.

माझं फंक्शन दहा-बारा ओळींचं आहे. तपासणीचं नाव आणि कमांड घेतं, चालवतं, एक्झिट कोड लगेच व्हेरिएबलमध्ये ठेवतं. १ आला तर कोडमध्ये चुका आहेत. २ किंवा त्यापुढचं काही आलं, तर टूलच बिघडलंय असं वेगळं छापतं. ईएसलिंट, शेलचेक दोघंही साधारण असंच वागतात आणि कमांडच सापडली नाही तर बॅश १२७ देतं. तुमचं टूल वेगळं वागत असेल, तेवढं तपासून घ्या. ‘लिंट नापास’ आणि ‘लिंटर इन्स्टॉलच नाही’ या दोन ओळी वेगळ्या दिसायला लागल्यापासून ज्युनिअरचा फोन दिघ्याला येत नाही.