पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. : नाशिकचं केंद्र की पुण्याचा विभाग?

नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) नाहीतर पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) निघाली की नाशिकच्या मुलांपुढे हा प्रश्न येतोच. पदवी दोन्हीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियमही तेच, म्हणजे किमान तीन वर्षं, कमाल सहा, कोर्सवर्क आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण. त्यावर वेळ घालवत नाही. मी एम.एस्सी. पुण्यातल्या एका महाविद्यालयात केली, विद्यापीठाच्या विभागात मित्रांमुळे येणं-जाणं होतं, आणि पीएच.डी. केली नाशिकमधल्या एका संशोधन केंद्रात. दोन्हीकडचं पाणी प्यायलोय, तेव्हा बोलायला हरकत नसावी.

आधी पुण्याबद्दल, कारण ती बाजू खरंच भक्कम आहे. धातू मोजणारं आयसीपी-एमएस, कीटकनाशकांसारखी रसायनं ओळखणारं जीसी-एमएस अशी महागडी यंत्रं तिथे आवाक्यात असतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था, हवामानाचं काम असेल तर आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था, सगळं एका शहरात. द्राक्षातल्या कीटकनाशकांच्या अंशांवर काम करायचं, तर बागा आपल्या दिंडोरी-निफाडच्या. पण त्या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीला, द्राक्ष संशोधन केंद्रात. शिवाय तिथे टपरीवर चहा पितानाही कोणीतरी विचारतं, ‘तुझं कंट्रोल स्टेशन (तुलनेसाठीचं स्वच्छ ठिकाण) कुठलं? तेच का?’ ही सवय फार मोलाची. फेलोशिपवर घरभाडे भत्ता पुण्याला जास्त मिळतो, आणि तो पुण्यातच संपतो.

तरी मी नाशिक निवडलं, ते एका थर्माकोलच्या खोक्यामुळे.

एम.एस्सी.चा प्रकल्प गोदावरीवर होता. पहाटे रामकुंड, मग तपोवन, मग दारणा संगमाच्या खाली असे नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या खोक्यात भरून पुण्याची एस.टी. पकडायची. विरघळलेला ऑक्सिजन काठावरच फिक्स करता येतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड टाकलं, बाटली उलटीपालटी केली, तपकिरी साका खाली बसला, की ती बाटली काही तास तरी दम धरते. बीओडीचं, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्या मापाचं, तसं नाही. बाटलीतले जिवाणू बसमध्येही आपला धंदा चालूच ठेवतात. बर्फाने मंदावतात, थांबत नाहीत. कोलिफॉर्मच्या (मैलापाण्याची खूण असलेल्या जिवाणूंच्या) तपासणीत तर उशिराचा तास न् तास आकड्याला नडतो. सिन्नर सोडलं की बर्फ पाझरायला लागायचा. कंडक्टर विचारायचा, ‘मासळी आहे का?’ नदीचं पाणी आहे म्हटलं की शेजारचा प्रवासी आणखी सरकून बसायचा. चाकणच्या कोंडीत तास गेला की पुढे प्रयोगशाळेला कुलूप. नमुने रात्रभर फ्रीजमध्ये आणि तपासणी दुसऱ्या दिवशी. मग जो आकडा यायचा तो रामकुंडाचा की नारायणगावचा, हे मला छातीठोकपणे कधीच सांगता आलं नाही. तक्त्यात मात्र ‘रामकुंड’ असंच लिहिलं जायचं.

नाशिकमध्ये नदी ते इन्क्युबेटर (नमुने ठरावीक तापमानाला ठेवायचं कपाट) हे अंतर स्कूटरवर अर्ध्या तासाचं. २७ अंशांवर तीन दिवसांची बीओडी त्याच सकाळी लागते. त्याहून मोठी गोष्ट वेळेची. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचा फोटो फोनवर आला, की तासाभरात तुम्ही काठावर. पात्रात फेस दिसला तर त्याच संध्याकाळी. शहरातून येऊन गोदावरीला मिळणारी नासर्डी काय आणते ते पहिल्या पावसातच कळतं; तिसऱ्या दिवशी पुण्याहून आलात तर नुसतं गढूळ पाणी हाती लागतं. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आधी, पर्वणीच्या दिवशी आणि नंतर नमुने घ्यायचे असतील, तर गावात राहणाऱ्यालाच ते झेपेल असं मला वाटतं.

आता नाशिकचं दुखणं. बऱ्याच छोट्या केंद्रांत सहामाही सादरीकरण म्हणजे चहा, बिस्किटं आणि ‘छान, चालू ठेवा’. समितीतले लोक गाईडच्या शेजारच्या केबिनमधले. कोण कशाला वाईटपणा घेईल? माझ्या केंद्रात बराच काळ हेच चालू होतं. पुढे दुसऱ्या संस्थेतले एक प्राध्यापक समितीवर आले. त्यांनी तक्ते बाजूला सारून नोंदवही मागितली आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘नमुना किती वाजता घेतला?’ त्या बैठकीनंतर केंद्रातल्या सगळ्यांच्याच वह्या सुधारल्या. म्हणून प्रवेश घेतानाच गाईडना विचारा, बाहेरचा सदस्य मिळेल का? समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला द्यायची, असं नियमातच आहे. ती मागून घ्या आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या हरकतींपासून होऊ द्या. यंत्रं विकत घ्यायला पैसे लागतात, याला लागत नाहीत.

केंद्र जोखायचं कसं? पेपर मोजून नका जोखू. प्रबंधाआधी पेपर छापण्याची यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली, मान्यताप्राप्त नियतकालिकांची तिची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्यापेक्षा शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, त्या केंद्राचे दोन-तीन प्रबंध उघडा आणि पद्धतीचं प्रकरण वाचा. नमुन्याची वेळ, साठवण, तपासणीला लागलेला अवधी लिहिलेला दिसला तर केंद्र जिवंत आहे. पुण्याच्या प्रबंधांनाही हीच कसोटी लावा. नाव मोठं असलं म्हणून सूट नको.

जड धातूंवर काम असेल तर माझा आग्रह नाही. नायट्रिक आम्ल घातलेला नमुना महिनोन्‌महिने टिकतो, तो खुशाल पुण्याला न्या. उपग्रहचित्रं किंवा हवेची मॉडेल्स असतील तर पुणेच बरं. पण नदी, सांडपाणी, नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीतली पाणवेल (जलपर्णी) असं काही डोक्यात असेल, तर मी तरी नाशिकच्या बाजूने कौल देईन. अडचण जागांची आहे. सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ एवढीच मर्यादा, आणि इथे गाईड मोजके. रिक्त जागांची यादी लागली की मुलाखतीआधी केंद्रात एक चक्कर मारा. इन्क्युबेटर चालू आहे का आणि वीज गेली की त्याचं काय होतं, हे प्राचार्यांना विचारू नका, प्रयोगशाळेतल्या मामांना विचारा.