ब्रायन मेच्या रेड स्पेशल गिटारची कॉपी – काही महिने वाजवल्यानंतर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडमधल्या गिटारिस्ट ब्रायन मेचा आवाज हवा म्हणून ही कॉपी घेणार असाल तर आधीच सांगतो, नुसती गिटार घेऊन तो आवाज येत नाही. पण तो कसा तयार होतो हे हिच्याइतकं मला दुसऱ्या कुठल्याच गिटारीने शिकवलं नाही.

ओरिजिनल त्याने वडिलांबरोबर घरीच बनवली, 1963 मधे काम सुरू केलं तेव्हा पोरगा 16 वर्षांचा, चांगली गिटार घ्यायला पैसे नाहीत, मग मान जुन्या फायरप्लेसच्या मॅहॉगनीची, ट्रेमोलोच्या (तारांचा सूर खालीवर हलवणारा दांडा) स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, आणि फिंगरबोर्डवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. आणि 2002 ला बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभं राहून वाजवली तीही ही ओरिजिनलच, कमाल आहे राव.

खरी मजा स्विचमधे आहे. तीन पिकअप (तारांचं कंपन पकडणारी चुंबकं), प्रत्येकाला एक चालू-बंदचा आणि एक फेजचा (लहर सुलटी की उलटी) असे सहा स्विच, सुरुवातीला डोकं चक्रावतं. ब्रिजचा (तारांच्या खालच्या टोकाजवळचा) आणि मधला सुरू, फेज सरळ, हा त्याचा नेहमीचा भरदार आवाज. आता नेकचा (मानेजवळचा) आणि मधला लावा आणि एकाचा फेज उलटा करा, खालचा सगळा बेस गळून जातो आणि आवाज नाकातून आल्यासारखा टोकदार होतो, गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) चढवला की अक्षरशः किंचाळतो. लहरी एकमेकींना खातात हे फिजिक्स इथे कानाला ऐकू येतं, आणि हा माणूस फिजिक्सचाच, बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने 2007 मधे इंपीरियल कॉलेजमधून पूर्ण केली, विषय सूर्यमालेतली धूळ! मला त्याचं हे सगळ्यात जास्त आवडतं.

तो पिकऐवजी (तारा छेडायची चकती) सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतो. मी जुनं तांबं-निकेलचं चार आण्याचं घेतलं, प्रत्येक सुराच्या सुरुवातीला बारीक खरखर येते ती एकदम भारी, पण तारा लवकर झिजतात.

स्केल (तारेची वाजणारी लांबी) 24 इंची, म्हणजे आखूड असल्याने बेंड (तार ओढून सूर चढवणं) सहज होतात, जाड बोटांना मात्र वरच्या फ्रेटवर जरा अडचण. ट्रेमोलो जोरात दाबला की माझ्या गिटारीचं ट्युनिंग सरकतं, सेटअप करून घेतल्यावर बरंच सुधारलं. फक्त हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्यांनी घेऊ नका. बाकीच्यांनी ट्रेबल बूस्टरचे (वरचे, तीक्ष्ण सूर वाढवणारा डबा) पैसे आधीच बाजूला ठेवा, त्याच्याशिवाय ही बोथट वाटते, आणि अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायर) आवाज चढवून ठेवून गेन गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवरून कमीजास्त करा, तोही तसंच करतो.